टेपवर उचललेला नंबर

अंबरपेठ, हैदराबाद
५ जानेवारी २०२५

प्रिय प्रबुद्ध,

जय भीम.

हे पत्र तुला आहे, आणि ज्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या जिवंत केल्या पण ज्यांचं नाव कुठल्याही पाटीवर लागलं नाही, त्या सगळ्यांनाही आहे. पत्रा ठोकणारे, रंग मारणारे, वेल्डिंगवाले, सीटा शिवणारे, पिस्टनच्या रिंगा बसवताना बोटं चिरून घेणारे. आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे. हात आपले आणि नाव दुसऱ्याचं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी नामपल्लीच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. आपली जीटीओ तिथे पहिल्या रांगेत उभी होती. मी आपली म्हणते. कागदावर ती कौस्तुभ सरांची आहे, ते मला मान्य आहे. पण विद्यानगरच्या त्या बंगल्यामागे, चिंचेखाली, चारही चाकं मातीत रुतलेली ती १९६८ची पॉन्टिअ‍ॅक तू आणि मी ओढून काढली. छताचा रंग पडलेल्या चिंचांनी खाल्ला होता आणि मागच्या सीटमध्ये मांजर व्यायली होती. तू पिल्लं जाईपर्यंत तीन आठवडे काम सुरू करू दिलं नाहीस. ते मालकाला माहीत नाही, मला माहीत आहे.

आता तिच्याकडे पाहशील तर ओळखणार नाहीस. गडद हिरवा रंग, क्रोमच्या पट्ट्या, आठ सिलिंडरांचं इंजिन. सुरू केली की समोरच्याच्या छातीत ढोल वाजतो. बाजूला पाटी होती. त्यावर मालकाचं नाव, मॉडेलचं साल आणि खाली एक ओळ: जीर्णोद्धार मालकाच्या देखरेखीखाली. देखरेख म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. महिन्यातून एकदा येऊन “झालं का हो?” विचारणं.

एका माणसानं त्यांना विचारलं, कुणाकडून करून घेतली? ते म्हणाले, “आहेत इथले लोकल लोक.” मी तीन हातांवर उभी होते.

मी तिथेच बोलले असते. मला बोलायला व्यासपीठ लागत नाही, हे तू लहानपणापासून भोगलंयस. पण मी थांबले, कारण बोलण्यापेक्षा मोठी संधी येते आहे. १८ तारखेला मुंबईहून विवेक नावाचे गृहस्थ येणार आहेत. अशा अमेरिकन गाड्यांची किंमत ठरवणं हा त्यांचा धंदा. ते नुसता आकडा सांगत नाहीत, गाडीची फाइल लिहितात. ती कुठून आली, काय मूळचं आहे, काय बदललं, कुणी बदललं. ती फाइल गाडीबरोबर कायम राहते. मालक बदलतात, फाइल बदलत नाही. मी ठरवलंय की त्या फाइलमध्ये आपली नावं गेलीच पाहिजेत. माझं, पत्रा ठोकणाऱ्या गौस उस्तादांचं आणि तुझं.

इंजिनच्या नंबरचा विषय मी मनातून काढून टाकलाय. झालं ते झालं. माणसाच्या हातून चूक होते. तेव्हाही मी तुला चार लोकांत रागावले नव्हते. तू मात्र जे मनाला लावून घेतलंस ते तीन वर्षं झाली तरी सोडत नाहीस. पुण्यात त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कॉम्प्युटरला वायर जोडून गाडीचा आजार विचारत बसतोस, असं ऐकते. तुझ्यासारखा कान असलेल्या माणसानं.

उत्तर लिही. फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतलाय.

तुझी,
अक्का


अंबरपेठ
१९ जानेवारी २०२५

प्रिय प्रबुद्ध,

काल विवेक आपल्या गॅरेजवर येऊन गेले. हे वर्णन मी तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

माणूस चष्म्याएवढ्या छोट्या आरशानं काम करतो. एक टॉर्च, एक चुंबक, एक वही, बस. आल्या आल्या चहा नको म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की हा कामाचा आहे. चुंबक फडक्यात गुंडाळून त्यानं सगळ्या पत्र्यावरून फिरवलं. पुट्टीचा जाड थर असेल तिथे ते सुटतं. डाव्या मडगार्डपाशी मी पुढे सरकले. तिथे उस्तादांनी वाळूच्या पिशवीवर ठेवून अकरा दिवस पत्रा ठोकला होता. चुंबक सुटलं नाही. विवेक म्हणाले, “हे कुणी केलं?” उस्ताद कोपऱ्यातून म्हणाले, “हमीच करे साब. कायकू, कुछ गलत है?” विवेक वाकून त्यांच्याशी हात मिळवायला गेले. उस्तादांनी आधी हात लुंगीला पुसला.

मग ते गाडीखाली झोपले. तू कापून बसवलेला तळाचा पत्रा त्यांनी बोटानं चाचपला, वेल्डिंगची शिवण शोधली, सापडली नाही. मी म्हटलं, माझा भाऊ. तेव्हा त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी डोकावून पाहिलं. त्यांनी तुझं नाव लिहिलं होतं. प्र-ला रफार दिला होता, मी दुरुस्त करायला लावला.

मग बॉनेट उघडलं.

तुला माहीत आहेच, पण मी लिहिते, कारण तुझ्या पोरीला, रोशनीला, हे पत्र वाचून दाखव अशी माझी इच्छा आहे आणि तिला हे कळलं पाहिजे. या गाड्यांची खरी किंमत एका गोष्टीवर असते. काचेखालच्या पट्टीवर बॉडीचा नंबर असतो, आणि त्याचेच शेवटचे आकडे कारखान्यात इंजिनच्या ब्लॉकच्या पुढच्या अंगावर ठोकलेले असतात. दोन्ही जुळले तर गाडी आपल्या जन्माच्या इंजिनासकट जगली. नाही जुळले तर ती कितीही सुंदर असो, निम्मी उतरते. विवेकनी आरसा आत घातला, टॉर्च मारली. आरसा फडक्यानं पुसून पुन्हा पाहिलं. आपल्या ब्लॉकवर तिथे तळहातासारखी गुळगुळीत जागा आहे.

“इथला नंबर?”

कौस्तुभ सर म्हणाले, “ते सफाईत गेलं हो. रेणुकाताईंचा भाऊ होता ना, त्यानं ग्राइंडर फिरवला. जाऊ दे, बिचारा.”

विवेक म्हणाले, ब्लॉकच्या मागच्या अंगाला ओतकामाची तारीख शाबूत आहे, ती जुळते. पण ती सालाची आणि महिन्याची साक्ष झाली, या एका गाडीची नाही. त्यांना लिहावं लागेल: इंजिनची ओळख सिद्ध होत नाही.

ते हात धुवायला गेले तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं. वाईट माणूस नाही तो. पुण्याहून इथे नोकरीला आला, पहिल्या पगारवाढीत लोक फ्लॅट घेतात, यानं गंजलेली गाडी घेतली. मला ते आवडलं होतं. पण काल म्हणाला, “ताई, आकडे आपल्याला माहीतच आहेत, पट्टीवर आहेत. जुन्या शहरात ठोकून देणारे आहेत. आपण खोटं कुठे करतोय? जे होतं तेच परत लिहितोय. सगळेच करतात.”

मी आवाज चढवला नाही. मी म्हटलं, सर, जे होतं ते त्या कारखान्यातल्या माणसानं ठोकलं होतं. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण त्याच्या हाताची खूण ती होती. तुम्ही उद्या नवी ठोकाल तर ती त्याच्या नावावर केलेली तुमची सही होईल. हजार वर्षं आमच्या लोकांचं काम दुसऱ्यांनी आपल्या नावावर लिहिलं. आम्ही ते सोसलं, पण ते करायला आम्ही शिकलो नाही. या गॅरेजात खोटा ठसा उठणार नाही. गाडी न्यायची तर आज न्या.

सरांनी तो विषय सोडला. विवेकनी दारातून ऐकलं असावं, कारण जाताना त्यांनी मला नमस्कार केला.

सगळे गेल्यावर गौस उस्ताद मला काहीतरी म्हणाले. ते इथे लिहीत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या प्रत्येक बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं.

उत्तर लिही.

अक्का


अंबरपेठ
२ फेब्रुवारी २०२५

प्रबुद्ध,

काल रोशनीचा फोन आला होता. तुला सांगितलं नसेल तिनं, रागावू नकोस.

“आत्या, पप्पांनी तुझी दोन्ही लेटर्स वाचली. मी ट्राय केलं पण तुझं हँडरायटिंग टफ आहे. आणि मराठी एवढं लाँग मी रीडच करू शकत नाही.”

मी विचारलं, पप्पा काही म्हणाले?

“नाही. पण वाचल्यावर त्यांनी कपाटातून ते हिरवं रजिस्टर काढलं. टेप लावलेलं. मला कधी टच करू देत नाहीत. थोडा वेळ बघत बसले आणि परत ठेवलं. आत्या, त्यात काय आहे?”

मी तिला म्हटलं, तुझ्या बापाचा चांगुलपणा आहे. ती म्हणाली, “ओके, म्हणजे सांगणार नाहीस.” पोरगी तुझ्यासारखी कमी बोलते आणि माझ्यासारखी नेम धरते.

तर आता ऐक. मागच्या पत्रात गाळलेलं लिहिते. त्या दिवशी सगळे गेल्यावर उस्तादांनी विडी पेटवली आणि माझ्या भाषणावर म्हणाले, “तकरीर तो अच्छी करे बाजी तुमे. एक बात पूछतौं. उस दिन ग्राइंडर किसके हात में था?”

मी म्हटलं, उस्ताद, तुम्हाला माहीत आहे.

“हौ, मेरेकू मालूम है. मैं मडगार्ड ठोक रा था, आंखां खुले थे. तीन साल हो गए, बहन-भाई के बीच में मैं कायकू बोलूं? अब तुमे कारखाने वाले के नाम पे इत्ता बोले, तो पूछ लिया.”

ग्राइंडर माझ्या हातात होता.

हे तुला नवं नाही. पण हे वाक्य मी आजवर कुणाला लिहिलं नव्हतं, बोलले नव्हते. आता सगळं लिहिते, कारण अर्धं लिहिणं ही माझी जुनी युक्ती आहे आणि ती मला सोडायची आहे.

नोव्हेंबर २०२१, रविवार. तू ब्लॉक रॉकेल आणि पितळी ब्रशनं साफ करत होतास, कोपऱ्यात जुना टूथब्रश घालून. चौथा दिवस होता. मी म्हटलं, इंजिन धुतोस की बाळंतिणीला न्हाऊ घालतोस? तू हसलास, चहा आणायला गेलास. मी डेपोच्या हातानं ग्राइंडर उचलला. बाबांच्या जागी अनुकंपेवर लागल्यापासून पंचवीस वर्षं मी बसची इंजिनं उघडते. आमच्याकडे ब्लॉक आला की त्याचं तोंड घासायचं, रंग मारायचा आणि डेपोचा नंबर पांढऱ्या रंगानं लिहायचा. आज या बसमध्ये, उद्या त्या बसमध्ये. कारखान्यानं काय ठोकलंय ते आमच्यात कुणी बघत नाही, कारण आमच्यात इंजिन कुठल्याच एका बसचं नसतं. मला इंजिन म्हणजे तेवढंच माहीत होतं. दोन मिनिटं लागली. धातू चांदीसारखा चमकला आणि मला, खरं सांगते, आनंद झाला.

तू चहा घेऊन आलास. ग्लास खाली ठेवलेस.  आणि त्याच वेळी सर दारात. त्यांनी विचारलं, नंबर कुठे गेला? तू तेव्हा तीच हिरवी वही काढायला पिशवीकडे वळला होतास. मी पाहिलं होतं. तुझी पाठ माझ्याकडे असताना मी म्हटलं, “प्रबुद्धच्या हातून ग्राइंडर फिरला, सर. पोरगाच आहे, समजून घ्या.”

पोरगा. तू चाळिशीचा होतास.

तू वळून माझ्याकडे पाहिलं नाहीस. वही अर्धी बाहेर आली होती, ती परत आत सरकवलीस आणि पिशवीचा बंद ओढलास.

कारणं मला देता येतात. डेपोची नोकरी असताना बाहेर काम करायला बंदी आहे, सरांनी तक्रार केली असती तर माझी नोकरी गेली असती. त्या वेळी विहाराच्या समितीवर मी पहिलीच बाई निवडून आले होते आणि काही लोक माझी एक चूक सापडायची वाट बघत होते. दोन्ही कारणं खरी आहेत. दोन्ही तुझ्यासमोर कवडीमोल आहेत. मी चुकत नाही असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायची सवय लागली होती, एवढंच खरं कारण.

आणि पुढे गल्लीतल्या पोरांनी तुला “घिसू” म्हणायला सुरुवात केली. लांबून यायचे मालक, गाडी दाखवायचे आणि विचारायचे, हाच ना तो नंबर घासणारा? मी त्यांना कधी थांबवलं नाही. तीन महिन्यांत तू गेलास. पहिल्या पत्रात मी लिहिलं की चार लोकांत मी तुला रागावले नव्हते. किती उदार आहे मी. ते पान फाडून टाक. नाही, फाडू नकोस. ठेव. रोशनीला एक दिवस दाखव की चांगलं बोलणारी माणसं खोटं कसं बोलतात.

पाटीवर आपलं नाव नाही म्हणून मी नामपल्लीच्या मैदानावर जळत होते. आणि तुझं नाव पाटीवरून मी स्वतः खोडलं होतं, त्याच्या जागी माझी चूक लिहिली होती. पाटी लिहिताना कौस्तुभ सर तुला निदान नुसते विसरले होते.

उत्तर मागत नाही.

रेणुका


अंबरपेठ
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रबुद्ध,

काम झालं ते आधी सांगते, मग जे उरलं ते.

रविवारी मी कौस्तुभ सरांना गॅरेजवर बोलावलं. विवेकना फोनवर घेतलं, स्पीकरवर. गौस उस्तादांना खुर्ची दिली, साक्षीला. आणि मी सांगितलं: ग्राइंडर मी फिरवला. प्रबुद्ध तिथे नव्हता. मी खोटं बोलले, त्याची रोजी गेली, तो गाव सोडून गेला. तुम्हाला डेपोत तक्रार करायची असेल तर पत्ता मी लिहून देते.

माझी इतकी भाषणं झाली, पण एवढं लहान भाषण मी कधी केलं नव्हतं.

सरांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, “तीन वर्षं मी प्रत्येकाला हीच गोष्ट सांगत आलोय, ताई. पार्टीत. जोक म्हणून.” मग म्हणाले, “त्याचा नंबर आहे माझ्याकडे. एकदाही फोन केला नाही मी.” तक्रारीबद्दल काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी प्रदर्शनातली ती पाटी डिकीतून काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं तीन नावं लिहिली. अक्षर वाईट आहे त्यांचं. मी काही म्हटलं नाही.

उस्ताद म्हणाले, “अब तकरीर हुई, बाजी.”

आता उरलेलं. मी विवेकना तुझ्या वहीबद्दल सांगितलं. तू पहिल्याच दिवशी, गाडी चिंचेखालून आली तेव्हा, आरटीओत करतात तसं केलं होतंस. नंबरावर पेन्सिल घासली, वर चिकटपट्टी दाबली, ती अलगद उचलून वहीत चिकटवली. पट्टीवरचा बॉडीचा नंबर आणि खाली ब्लॉकचा. मी तेव्हाही तुझी थट्टा केली होती, म्हटलं होतं, ट्रान्सफर करायचीय का कुणाच्या नावावर? तू म्हणालास, “अक्का, गंजाखाली काय निघेल सांगता येत नाही. आहे तोवर घेऊन ठेवू.” आणि शेजारी तारीख टाकून उस्तादांची सही घेतली होतीस.

फोनवर विवेकनी वही उघडल्याचा आवाज आला. मग त्यांनी मला तीनदा विचारलं, घासण्याआधीचा ठसा? तारखेसकट? साक्षीदाराच्या सहीसकट? ते म्हणाले, असा कागद त्यांना या धंद्यात कधी मिळालेला नाही. लोक त्यांच्याकडे कोरे करकरीत खोटे नंबर घेऊन येतात, आणि इथे एक माणूस खरा नंबर वहीत घेऊन तीन वर्षं गप्प बसला आहे. ते लिहायला तयार आहेत: मूळ नंबर कामात नष्ट झाला, रेणुका यांच्या हातून. त्याआधीचा ठसा प्रबुद्ध यांनी घेतलेला असून तो फाइलला जोडला आहे. इंजिन गाडीचं मूळचं आहे. माझं नाव त्या वाक्यात आहे त्या जागी मला हवं आहे. ते तसंच राहील.

पण त्यांना फोटो चालत नाही. त्यांना वही हवी, ते पान हवं आणि ज्यानं ठसा घेतला त्याची सही त्यांच्या समोर हवी. ते २३ तारखेच्या रविवारी पुन्हा येत आहेत. सोमवारी फाइल बंद होते.

मला माहीत आहे, तुला वाटेल की अक्काला पुन्हा तिचंच काम काढून घ्यायचं आहे. गाडीची किंमत वाढेल ती सरांची. आपल्याला त्यातलं काही मिळणार नाही. मला माफ कर असंही मी इथे लिहिणार नाही, ते तुझ्या समोर उभं राहून म्हणायचं वाक्य आहे आणि ते ऐकून तू काय करायचं ते तुझं तू ठरव. मी एवढंच म्हणते की त्या वहीत जे आहे ते तुझं काम आहे. मी ते तुझ्याकडून हिसकावलं, आणि मी ते परत देऊ शकत नाही, कारण ते अजून तुझ्याच कपाटात आहे. ते बाहेर तूच काढू शकतोस.

गल्लीत मी सांगितलंय. चहावाल्यासमोर, मोठ्यानं. ज्या पोरांनी तुला नाव ठेवलं होतं ती आता मला “घिसू बाजी” म्हणतात. म्हणू दे. मी वळून ओ देते.

रोशनीला बरोबर आण. तिला पत्र वाचता येत नसेल, पण ठशातले आकडे वाचता येतील.

शनिवारच्या गाडीत बस. रविवारी सकाळी नामपल्लीला उतर, मी फलाटावर असेन. कपडे विसरलास तर चालेल. हिरवी वही घेऊन ये आणि विवेकच्या समोर त्या पानाखाली स्वतःच्या हातानं तुझं पूर्ण नाव लिही.

तुझी,
रेणुकाअक्का